चौदा अक्षरांचे दोन ताल : संगणकीय स्वरलेखनात मोठ्या तालचिन्हाची मांडणी

१

धमार हा चौदा मात्रांचा ताल आहे. दीपचंदी, झूमरा आणि आडा चौताल हेही चौदा मात्रांचेच ताल आहेत. तथापि हिंदुस्थानी संगीताचा प्राथमिक विद्यार्थीदेखील या चार तालांची गल्लत करीत नाही. धमाराचे विभाग ५, २, ३, ४ असे पडतात. आडा चौतालाचे दोन-दोन मात्रांचे सात विभाग होतात. दीपचंदी व झूमरा यांचे विभाग ३, ४, ३, ४ असे असतात. या शेवटच्या दोन तालांचे तर विभागही सारखेच. ठेका आणि लय यांवरूनच ते निराळे ओळखू येतात. याचा अर्थ असा की मात्रांची बेरीज सांगितल्याने ताल सांगितला असे होत नाही. बेरीज हा तालाचा विस्तार होय. त्याची आकृती नव्हे.

पाश्चात्य पंचरेषा-स्वरलिपीत रचनेच्या आरंभी दोन अंक एकाखाली एक लिहिण्याची प्रथा आहे. वरचा अंक एका खंडातील मोजण्यांची संख्या सांगतो, खालचा अंक एका मोजणीला कोणते स्वरमूल्य धरावे ते सांगतो. या जोडीला 'टाइम सिग्नेचर' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला 'तालचिन्ह' असे संबोधिले आहे. वाद्यवृंदाच्या स्वरपत्रिकेत हेच चिन्ह कधी कधी पुष्कळ मोठ्या आकारात छापतात. संगणकावरील स्वरलेखनाच्या साधनांमुळे असे मोठे तालचिन्ह घालणे आज सोपे झाले आहे. पण भारतीय ताल, विशेषतः दक्षिणेतील लांब ताल, या चिन्हात मांडू गेल्यास प्रश्न केवळ आकाराचा राहत नाही. कोणते अंक मोठे करावयाचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. त्या प्रश्नाचा विचार कुंभकोणम परिसराशी जोडल्या जाणाऱ्या एका सुपरिचित उदाहरणाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

२

कावेरीकाठचे कुंभकोणम हे नगर संगीतशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. तंजावरच्या नायक राजांचा मंत्री गोविंद दीक्षित याचे नाव येथील रामस्वामी मंदिराशी आणि जवळच्या पट्टीश्वरमशी निगडित आहे. त्याचा पुत्र वेंकटमखी याने सतराव्या शतकात 'चतुर्दण्डीप्रकाशिका' हा ग्रंथ रचला. पुढे तंजावरावर मराठ्यांची सत्ता आली. त्या घराण्यातील तुळजा राजाने, ज्याची कारकीर्द १७२८ ते १७३६ अशी आहे, 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ लिहून हीच शास्त्रपरंपरा पुढे नेली. सरफोजी दुसरे (१७९८–१८३२) यांच्या काळात तंजावरच्या दरबारात पाश्चात्य वाद्यांचा बँड होता आणि पंचरेषा-स्वरलिपीतील पाश्चात्य संगीत तेथे पोचले होते. त्यांनी समृद्ध केलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तत्कालीन पाश्चात्य संगीताचे साहित्यही जतन झाले आहे. दोन लेखनपद्धती एका मुलखात एकमेकींसमोर आल्या त्या अशा.

या भेटीचे फळ त्याच काळातील एका थोर वाग्गेयकाराच्या रचनांत दिसते. मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) यांनी पाश्चात्य बँडच्या चालींवर संस्कृत शब्द रचले. या रचना 'नोट्टुस्वर' या नावाने ओळखल्या जातात. १९०४ साली सुब्बराम दीक्षितर यांचा 'संगीतसंप्रदायप्रदर्शिनी' हा तेलुगू लिपीतील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पंडित विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेच्या प्रवासास गेले आणि एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितरांना भेटले. महाराष्ट्रातील स्वरलेखनाची पुढील वाटचाल या भेटीला सोडून समजत नाही. तत्पूर्वी, १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मद्रास येथे ए. एम. चिन्नस्वामी मुदलियार यांनी दक्षिणी कृती पंचरेषा-लिपीत छापण्याचा मोठा उद्योग केला होता. म्हणजे दक्षिणी ताल पाश्चात्य चिन्हांत कसा लिहावा, हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. त्याने तो पुन्हा उभा केला आहे इतकेच.

३

दक्षिणी तालव्यवस्थेचा पाया सुळादी सप्ततालांचा आहे. पुरंदरदासांच्या नावे परंपरेने चालत आलेले अलंकार हे सात ताल हातावर घेऊनच विद्यार्थी म्हणतो. तालाचे घटक तीन : लघु, द्रुत आणि अनुद्रुत. लघु म्हणजे एक टाळी आणि त्यानंतर करंगळीपासून बोटांची मोजणी. द्रुत म्हणजे एक टाळी आणि हाताचे उलथणे. अनुद्रुत म्हणजे केवळ एक टाळी. द्रुत नेहमी दोन अक्षरांचा, अनुद्रुत एका अक्षराचा. लघूची लांबी मात्र जातीनुसार बदलते : तिस्र ३, चतुरस्र ४, खंड ५, मिश्र ७, संकीर्ण ९. सात ताल आणि पाच जाती मिळून पस्तीस प्रकार होतात. त्यांत सर्वांत लांब संकीर्ण जातीचा ध्रुव. त्याची अक्षरे ९, २, ९, ९ मिळून २९ भरतात.

मुत्तुस्वामी दीक्षितरांनी सात वारांच्या सात ग्रहांवर सात कृती रचल्या आणि प्रत्येकीस सप्ततालांपैकी एक ताल दिला. त्यांची मांडणी पुढीलप्रमाणे आहे.

सूर्य : 'सूर्यमूर्ते', राग सौराष्ट्र, चतुरस्र ध्रुव, ४+२+४+४ = १४.
चंद्र : 'चन्द्रं भज', राग असावेरी, चतुरस्र मठ्य, ४+२+४ = १०.
मंगळ : 'अङ्गारकम्', राग सुरटी, चतुरस्र रूपक, २+४ = ६.
बुध : 'बुधम्', राग नाट्टकुरिंजी, मिश्र झंप, ७+१+२ = १०.
गुरू : 'बृहस्पते', राग अठाणा, तिस्र त्रिपुट, ३+२+२ = ७.
शुक्र : 'श्रीशुक्र भगवन्तम्', राग फरज, खंड अट, ५+५+२+२ = १४.
शनी : 'दिवाकरतनुजम्', राग यदुकुलकांभोजी, चतुरस्र एक, ४.

कुंभकोणमला उतरून नवग्रहांच्या देवळांची यात्रा करण्याची रीत सर्वश्रुत आहे. त्यांतील सूर्याचे सूर्यनार कोविल आणि शुक्राचे कंजनूर ही दोन स्थाने एकमेकांपासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहेत. या कृती त्या त्या देवळांसाठीच रचल्या गेल्या असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि सूर्य व शुक्र या दोन शेजाऱ्यांच्या कृती चौदा-चौदा अक्षरांच्या निघाव्यात, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार उपयुक्त ठरते. ध्रुवात टाळी पडते ती १, ५, ७ आणि ११ या अक्षरांवर. खंड अटात ती १, ६, ११ आणि १३ या अक्षरांवर पडते. पहिले व अकरावे अक्षर सोडल्यास दोहोंच्या टाळ्या एकमेकींना भेटत नाहीत. चंद्र व बुध यांचीही स्थिती तशीच : दोन्ही कृती दहा अक्षरांच्या, पण मठ्याच्या टाळ्या १, ५, ७ वर आणि मिश्र झंपाच्या १, ८, ९ वर.

आता एखाद्याने सूर्याची व शुक्राची कृती पंचरेषा-लिपीत लिहून दोहोंच्या आरंभी वर १४ आणि खाली ४ असे अंक घातले, तर अंकगणिताच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही. पण वाचणाऱ्याच्या हाती दोन भिन्न ताल एकाच ओळखपत्रावर पडतात. व्हायोलिनवादक ती चौदा अक्षरे सात-सात अशी वाचील, चार-चार-चार-दोन अशीही वाचील. शेजारी बसलेल्या गायकाचा हात मात्र ५, ५, २, २ असाच चाललेला असेल. अशा वेळी हे अंक जितके मोठे छापावेत तितकी चूकही मोठ्या अक्षरांत छापली जाते.

४

मोठे तालचिन्ह पाश्चात्य संगीतात का आले, हे पाहणे येथे आवश्यक आहे. सामान्य तालचिन्ह पाच रेषांच्या उंचीत बसते : वरचा अंक मधल्या रेषेच्या वर, खालचा तिच्या खाली. ते प्रत्येक वाद्याच्या ओळीवर पुन्हा पुन्हा लिहावे लागते. जोवर संपूर्ण रचना एकाच तालात चालते, तोवर ते एकदा पाहिले की पुरे. विसाव्या शतकात मात्र खंडाखंडाला मोजणी बदलणाऱ्या रचना वाढल्या. स्त्राविन्स्कीच्या १९१३ मधील 'वसंतविधी' या नृत्यनाट्यसंगीताचा अंतिम भाग हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. वीस-तीस ओळींच्या पानावर उभ्याने हात हलविणाऱ्या वाद्यवृंद-संचालकाला क्षणात कळावे, म्हणून अंक मोठे करून वाद्यांच्या प्रत्येक गटावर एकदाच, अनेक ओळी व्यापतील असे छापण्याची रीत रूढ झाली. चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणात, जेथे सरावाला वेळ नसतो, ती विशेष उपयोगी पडली. वादकांच्या स्वतंत्र प्रतींत मात्र अंक बहुधा नेहमीच्याच आकाराचे राहतात. म्हणजेच मोठे तालचिन्ह ही सजावट नसून दुरून पाहणाऱ्या, हाताने काल दाखविणाऱ्या एका विशिष्ट व्यक्तीची सोय आहे.

दक्षिणी मैफलीत असा एकच कालदर्शक नसतो. गायक स्वतःच्या मांडीवर ताल घेतो, शिष्य घेतो, समोरचे जाणकार श्रोतेही घेतात. नागस्वरम व तविलाच्या मिरवणुकीत झांजांनी ताल राखला जातो. लघु कोठे संपला आणि द्रुत कोठे सुरू झाला, हे बोटांवर आणि पालथ्या तळव्यावर उघड दिसत असते. या परंपरेत मोठे तालचिन्ह आहे, पण ते कागदावर नाही. ते हातावर आहे. म्हणूनच तिच्या लेखनात रचनेच्या शिरोभागी तालाचे केवळ नाव येते, आणि ओळीत अंग संपले की एक उभी रेघ व आवर्तन संपले की दोन उभ्या रेघा, एवढ्यावर काम भागते. भातखंडे पद्धतीतही नाव वर राहते आणि सम, टाळी व खाली यांच्या खुणा त्या त्या मात्रेखाली लिहिल्या जातात. दोन्ही भारतीय पद्धती तालाची आकृती ओळीच्या आत ठेवतात. पाश्चात्य तालचिन्ह तिचा सारांश दाराशी लावते. सारांश करताना काय गळते, हाच मुद्दा आहे.

५

चतुरस्र ध्रुव ताल पंचरेषा-लिपीत तीन प्रकारे लिहिता येतो.

पहिला प्रकार बेरजेचा. वर १४, खाली ४; एक आवर्तन म्हणजे एक खंड. पान स्वच्छ दिसते आणि खंडाचा क्रमांक हाच आवर्तनाचा क्रमांक होतो. पण आकृती पूर्णपणे लोपते. शिवाय संगणक स्वतःच्या ठरावीक नियमाने स्वरांचे गट पाडतो. लांबलेला स्वर अंगाची सीमा ओलांडतो तेव्हा तो सीमेवर तोडून बंधाने जोडून दाखविणे श्रेयस्कर. संगणकाला सीमाच सांगितलेली नसल्याने तो भलतीकडे तोडतो. ध्रुवात ही सीमा सातव्या अक्षराच्या आरंभी आहे, खंड अटात सहाव्या अक्षराच्या आरंभी. १४ या अंकात यांपैकी एकही नाही.

दुसरा प्रकार तुकड्यांचा. चार, दोन, चार, चार अशा मोजण्यांचे चार स्वतंत्र खंड करावयाचे आणि प्रत्येक ठिकाणी नवे तालचिन्ह द्यावयाचे. यात अंगे दिसतात, पण आवर्तन नाहीसे होते. प्रत्येक खंडाच्या आरंभी सारख्याच जाडीची रेघ येत असल्याने सम कोणती हे कळत नाही. पाश्चात्य वादक खंडाच्या पहिल्या मोजणीवर किंचित भार देतो. त्यामुळे एका आवर्तनात चार समा ऐकू येण्याचा धोका संभवतो. एवढ्यावर अंक मोठे केले तर पानावर स्वरांपेक्षा अंकच अधिक दिसू लागतात.

तिसरा प्रकार समासाचा. वरच्या जागी ४+२+४+४ आणि खाली एकच ४. एक आवर्तन एका खंडात राहते आणि अंगे अंकांत दिसतात. ही रीत पाश्चात्य संगीताला परकी नाही. बेला बार्तोक याने १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'मिक्रोकॉस्मोस' या संग्रहात बल्गेरियन लयीची सहा नृत्ये दिली असून त्यांतील पहिल्याचे तालचिन्ह वर ४+२+३ व खाली ८ असे आहे. लोकसंगीतातील विषम विभाग बेरजेत बुडू नयेत, हीच दृष्टी तेथेही दिसते. दक्षिणी तालांसाठी हा तिसरा प्रकार सर्वांत निकटचा होय. त्याला एकच जोड द्यावी : खंडाच्या आत प्रत्येक अंगाच्या शेवटी तुटक उभी रेघ आणि आवर्तनाच्या शेवटी अखंड रेघ. एक रेघ आणि दोन रेघा यांचा जुना दक्षिणी भेद अशा रीतीने पंचरेषेवर जपला जातो.

६

येथे मोठ्या आकाराची खरी गरज पुढे येते, आणि ती वाद्यवृंदाच्या गरजेहून वेगळी आहे. ४+२+४+४ हे अंक सामान्य आकारात ओळीच्या आत लिहिल्यास ते आडवे पसरतात व पहिला स्वर बराच उजवीकडे ढकलला जातो. गायन, व्हायोलिन आणि मृदंग अशा तीन ओळी असतील तर तीच रुंद मांडणी तीनदा होते. तेच चिन्ह ओळींच्या वर, मोठ्या व अरुंद अंकांत, एकदाच घातले तर ओळीतील जागा मोकळी राहते आणि विभाग दुरूनही वाचता येतात. वाद्यवृंदात मोठे चिन्ह वारंवार होणाऱ्या बदलासाठी लागते. कृतीत ताल सहसा बदलत नाही, तेथे ते विभागांच्या स्पष्टतेसाठी लागते. जेथे दोन्ही कारणे एकत्र येतात अशी रचनाही आहे : मुत्तुस्वामींचे वडील रामस्वामी दीक्षितर यांची अष्टोत्तरशत रागतालमालिका, जिच्यात राग आणि ताल दोन्ही पालटत जातात. अशा रचनेचे लेखन मोठ्या तालचिन्हाविना वाचणे कष्टाचे होईल.

आज प्रचारात असलेल्या साधनांत ही मांडणी साधण्याचे मार्ग निरनिराळे आहेत. २०१६ साली आलेल्या डोरिकोत तालचिन्ह प्रत्येक ओळीवर, वाद्यांच्या प्रत्येक गटावर एकदा, किंवा ओळींच्या वर अशा तीन जागी ठेवण्याची सोय आहे आणि अरुंद अंकांचे पर्यायही आहेत. त्यात समासाचे अंक चौकटी कंसात टंकित केल्यास पानावर फक्त १४ दिसतो, पण स्वरांचे गट ४, २, ४, ४ असेच पडतात. कंसाविना टंकित केल्यास विभाग पानावरही दिसतात. प्रत्येक अंगाला पूर्ण तालचिन्ह देऊन ती अधिक-चिन्हाने जोडल्यास आतील तुटक रेघाही आपोआप उमटतात. सिबेलियसमध्ये मोठ्या तालचिन्हासाठी निराळी अक्षरशैलीच ठेवलेली आहे. तिचे अक्षरवळण व आकार एकदा ठरविले की सर्व पत्रिकेला लागू होतात. म्यूझस्कोअर या विनामूल्य साधनात पानावर दिसणारे अंक आणि संगणकाने मोजावयाची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेथे अंक ४+२+४+४ असे लिहून भागत नाही, स्वरांचे गटही स्वतंत्रपणे तसे लावून द्यावे लागतात.

या तपशिलांमधून एक सर्वसाधारण नियम हाती येतो. तालचिन्हाला दोन अंगे आहेत : एक दिसणारे, एक मोजणारे. लेखकाने दोन्ही तपासली पाहिजेत. दिसणारे अंक बरोबर आणि मोजणी चुकीची असेल तर स्वरांचे गट वाचकाला दिशाभूल करतील. मोजणी बरोबर आणि दिसणारा अंक केवळ १४ असेल तर गट सुबक दिसतील, पण त्यांचे कारण वाचकाला उमगणार नाही. क्रमही तसाच असावा : आधी विभाग, मग स्वरांचे गट, मग तुटक रेघा, आणि सर्वांच्या शेवटी आकार व जागा. बहुतेक जण आकारापासून आरंभ करतात आणि विभाग मागे राहतात.

७

तीन बाबतींत कितीही मोठे तालचिन्ह अपुरे पडते. त्यांची नोंद घेतली पाहिजे.

पहिली बाब खालच्या अंकाची. तालाला अक्षरसंख्या असते, स्वरमूल्य नसते. एका अक्षराला पाव स्वर धरावा की अष्टमांश, हा लेखकाचा निर्णय आहे, तालाचा नव्हे. एकच कृती खाली ४ घेऊन लिहिता येते, खाली ८ घेऊनही लिहिता येते. ताल तोच राहतो. यास्तव ज्या साधनात खालचा अंक वगळण्याची किंवा त्याजागी स्वराची खूण घालण्याची सोय आहे, तेथे तिचा उपयोग केल्यास चिन्ह तालाच्या अधिक जवळ जाते. अक्षराचे पोटविभाग सांगणारी गती, जिला तमिळमध्ये नडै म्हणतात, ती मात्र शब्दानेच लिहावी.

दुसरी बाब आरंभस्थानाची. कृती नेहमी समेवर उठते असे नाही. समेनंतर उठत असेल तर पहिल्या खंडात विराम लिहावे लागतात. समेआधी उठत असेल तर अपुरा खंड आधी घालावा लागतो. तालचिन्ह या बाबतीत मौन बाळगते.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची बाब नावाची. दीपचंदी आणि झूमरा यांचे उदाहरण आरंभी दिलेच आहे. ३+४+३+४ असा पूर्ण समास लिहूनही त्या दोहोंतील भेद सांगता येत नाही. खाली म्हणजे रिकामी मात्रा, द्रुतातील पालथा हात, या गोष्टीही अंकांत येत नाहीत. मग सिंहनंदनासारख्या १२८ अक्षरांच्या तालाची गोष्टच निराळी. महावैद्यनाथ अय्यर यांचा कानडा रागातील तिल्लाना या तालात आहे. तेथे बेरीज लिहिणे निरर्थक आणि समास लिहिणे अशक्यप्राय. अंगांनुसार ओळी पाडून शिरोभागी नाव देणे एवढाच मार्ग उरतो. तात्पर्य, तालाचे नाव हे तालचिन्हाचा पर्याय म्हणून नव्हे, तर त्याच्या बरोबरीने, त्याच्या वर लिहिले गेले पाहिजे.

८

अखेरीस टिकाऊपणाचा विचार. संगणकीय लेखन एका साधनातून दुसऱ्या साधनात नेताना तालचिन्हाचे काय होते, हे क्वचितच पाहिले जाते. १९८८ साली प्रमाणित झालेल्या मिडी धारिकेत तालचिन्हासाठी वरचा अंक, खालचा अंक आणि ठोक्यांविषयीच्या दोन संख्या एवढीच जागा आहे. विभागांना जागा नाही. सूर्याची आणि शुक्राची कृती त्या धारिकेत घातली की दोन्ही केवळ १४ होतात. २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या म्यूझिकएक्सएमएल या आदानप्रदानाच्या रूपात ४+२+४+४ असा समास लिहिता येतो. त्यामुळे विभाग वाचू शकतात. मात्र अंकांचा आकार आणि त्यांची पानावरील जागा प्रत्येक साधनात जशीच्या तशी पोचेल असे गृहीत धरता येत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. अनेक वर्षे जगभर वापरात असलेल्या फिनाले या साधनाचा विकास थांबविल्याची घोषणा ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्यात लिहून ठेवलेले संगीत दुसऱ्या रूपात उतरवून घेण्याचे काम अनेकांवर येऊन पडले. ज्यांनी विभाग चिन्हाच्या अर्थात नोंदविले होते, त्यांचे विभाग पुढे नेता येण्यासारखे आहेत. ज्यांनी केवळ अंकांचे चित्र मोठे करून पानावर चिकटविले होते, त्यांच्याकडे चित्रच उरले. तंजावरच्या ग्रंथालयातील जुने हस्तलेख शतके उलटूनही वाचता येतात. संगणकातील लेखनाला तेवढे आयुष्य हवे असेल तर अर्थ कोठे नोंदविला आहे याविषयी लेखकाने दक्ष असणे अवश्य आहे.

९

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की मोठे तालचिन्ह दक्षिणी किंवा हिंदुस्थानी तालाला बाधक नाही, आणि आपोआप उपकारकही नाही. ज्या वाचकाने ताल हातावर घेतलेला नाही, त्याच्यापुढे ते हाताचे काम करते. म्हणून हाताने जे दाखविले असते तेच त्याने दाखविले पाहिजे. बेरजेऐवजी अंगांचा समास, अंगांती तुटक रेघ, आवर्तनांती अखंड रेघ, चिन्हाच्या वर तालाचे नाव, आणि आदानप्रदानाच्या रूपात विभागांची नोंद : एवढे पाळले तर चिन्ह मोठे असो वा लहान, ताल सुरक्षित राहतो.

अभ्यासासाठी विद्यार्थ्याने सूर्य व शुक्र यांच्या कृतींची पहिली दोन-दोन आवर्तने गुरुमुखातून शिकून, हातावर घेऊन, मगच संगणकावर लिहावीत. दोन्ही पाने शेजारी ठेवावीत आणि कृतींची नावे झाकून, ताल शिकलेल्या पण त्या कृती न ऐकलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्यास फक्त हात घेण्यास सांगावे. एका पानावर त्याची दुसरी टाळी पाचव्या अक्षरावर आणि दुसऱ्या पानावर सहाव्यावर पडली, तर लेखन साधले. दोन्ही पानांवर तो सारखाच हात घेऊ लागला, तर अंक कितीही ठळक असले तरी लेखन पुन्हा करावे.